उशीवरचा मुखवटा

आर्थर श्नित्झलरच्या ‘ट्राउमनोव्हेले’ या कादंबरिकेत नवरा-बायकोपैकी कुणीही व्यभिचार करत नाही. नवरा रात्रभर व्हिएन्नाच्या रस्त्यांवर भटकतो, एकामागून एक दारं त्याच्यासाठी उघडतात, आणि तो जसा गेला तसाच पहाटे घरी परततो. बायको तर घराबाहेर पाऊलही टाकत नाही. ती झोपलेली असते. तरीही शेवटच्या पानापर्यंत एक चांगला चाललेला संसार मोडता मोडता वाचलेला असतो. मनात येऊन गेलेल्या गोष्टीचं वजन किती धरायचं, हा प्रश्न इतक्या सरळ विचारणारी आणि त्याचं सोपं उत्तर इतक्या ठामपणे नाकारणारी दुसरी कथा माझ्या वाचनात नाही.

पुस्तकरूपात ती 1926 साली आली. त्याआधी बर्लिनच्या ‘डी डामे’ या स्त्रियांच्या नियतकालिकातून ती क्रमशः प्रसिद्ध होत होती. श्नित्झलरनं तेव्हा साठी ओलांडली होती. तो स्वतः डॉक्टर, डॉक्टरचाच मुलगा, आणि 1921 साली त्याचा संसार घटस्फोटानं संपला होता. कथानायक फ्रिडोलिन हाही डॉक्टरच. पस्तिशीचा, चांगला जम बसलेला. बायको अल्बर्टिने, एक लहान मुलगी, नीटनेटकं घर. या संसारात लेखकानं आधीपासून कुठलीच तक्रार पेरून ठेवलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवरा दुष्ट नाही, बायको उपेक्षित नाही, पैशाची ओढाताण नाही, सासुरवास नाही. दुःखी संसारातला मोह समजायला सोपा असतो, कारण त्याला कारण देता येतं. इथे लेखकानं ती सोयच काढून घेतली आहे.

पहिल्या प्रसंगात मुलगी झोपण्याआधी आईवडिलांना एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवते आहे. अरबी सुरस कथांच्या वळणाची गोष्ट: चोवीस गुलाम वल्ही मारत राजपुत्र अमगियादची नौका खलिफाच्या महालाकडे नेत आहेत आणि राजपुत्र एकटाच ताऱ्यांखाली पहुडला आहे. वाचता वाचता तिचे डोळे मिटतात. आईचा आणि वडिलांचा हात एकाच वेळी तिच्या कपाळावर येतो. पहिल्या वाचनात हे फक्त सुखी घराचं चित्र वाटतं. पण ही नौका पुढे परत येणार आहे, आणि अशा ठिकाणी की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. लेकराच्या निरागस गोष्टीतूनच आईच्या स्वप्नाचा माल येतो; तो कुठल्या अंधाऱ्या तळघरातून आणावा लागत नाही.

आदल्या रात्री दोघं मुखवट्यांच्या नाचाला गेलेली असतात. तिथे त्याला दोन अनोळखी स्त्रिया भेटतात, तिला एक परदेशी पुरुष. थोडी लगट, थोडी गंमत. मग दोघं घाईनं घरी येतात आणि कितीतरी दिवसांनी एकमेकांच्या मिठीत उत्कटपणे सापडतात. परक्याच्या स्पर्शानं पेटलेला जाळ घरच्या चुलीत घालावा, तसं हे आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नाचाबद्दल बोलताना दोघं एकमेकांना हसत हसत टोचू लागतात. मत्सर आधी खेळ म्हणून घरात शिरतो, हे श्नित्झलरनं फार अचूक पकडलं आहे. मग सूर हळूहळू गंभीर होतो आणि अल्बर्टिने बोलू लागते.

मागच्या उन्हाळ्यात ते डेन्मार्कच्या समुद्रकाठी गेले होते. तिथल्या हॉटेलात एक तरुण लष्करी अधिकारी हातात पिवळी बॅग घेऊन जिना चढत होता. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. बस, एवढंच. शब्द नाही, स्पर्श नाही, चिठ्ठी नाही. पण तो दिवसभर तिच्या मनातून हलला नाही. त्यानं बोलावलं असतं तर नवरा, मूल, पुढचं सगळं आयुष्य सोडून आपण गेलो असतो, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो अचानक निघून गेला. गोष्ट संपली.

या कबुलीजबाबातलं एक वाक्य ओलांडून पुढे जाता येत नाही. ज्या घटकेला आपण सगळं सोडून जायला तयार होतो, त्याच घटकेला नवरा आपल्याला पूर्वी कधी नव्हता इतका जवळचा वाटत होता, असं ती सांगते. दुसऱ्या एखाद्या लेखकानं या दोन भावना वेगळ्या केल्या असत्या: आधी मोह, मग पश्चात्ताप, मग नवऱ्याविषयीचा उमाळा. श्नित्झलर त्या एकाच श्वासात ठेवतो. त्या दुपारी नवरा तिच्याशी त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलत होता, ती मनापासून ऐकत होती, आणि मनापासून दुसऱ्याचीही होती. हे खोटं नाही आणि ढोंगही नाही. माणसाचं मन एका वेळी एकाच खोलीत राहतं हा आपला समज ती काहीही आविर्भाव न आणता मोडून काढते. फ्रिडोलिनला नेमकं हेच झेपत नाही. बायको आपल्यावर रुसली होती, म्हणून तिचं मन भरकटलं, असं असतं तर त्यानं तिची समजूत घातली असती. प्रेम असतानाच ती जाऊ शकत होती, यावर त्याच्याकडे औषध नाही.

तोही आपली एक आठवण सांगतो, त्याच किनाऱ्यावरची. ती ऐकून घेते. पण नंतर ती आणखी एक गोष्ट बोलते. वर्थरझे तळ्याकाठची, साखरपुड्याच्या आधीची. त्या संध्याकाळी खिडकीशी उभ्या असलेल्या त्या तरुणानं, म्हणजे फ्रिडोलिननंच, एक शब्द टाकला असता तर मी नाही म्हटलं नसतं. लग्नापर्यंत मी अस्पर्श राहिले याचं श्रेय माझं नाही. यावर फ्रिडोलिन तिचा हात सोडून देतो. ही हालचाल किती बोलकी आहे पाहा. तिची इच्छा त्याच्याचविषयी होती! तरी तो दुखावतो, कारण बायकोला स्वतःची अशी इच्छा होती, आहे, ती त्याच्या आधीपासून आहे आणि त्याच्या परवानगीवाचून आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं. त्याचा खरा प्रतिस्पर्धी तो डेनिश अधिकारी नाहीच. तिचं स्वतंत्र मन हाच त्याचा प्रतिस्पर्धी आहे, आणि त्याच्याशी द्वंद्व खेळता येत नाही.

एवढ्यात एका रुग्णाकडून बोलावणं येतं आणि फ्रिडोलिन बाहेर पडतो. पुढची रात्र म्हणजे मनातल्या मनात घेतलेला सूड. रुग्ण आधीच गेलेला असतो. त्याची मुलगी मारियाने वडिलांच्या प्रेताशेजारी या डॉक्टरपुढे आपलं प्रेम उघड करते. तो तिथून निघतो. रस्त्यात विद्यार्थ्यांचं टोळकं येतं, त्यातला एक मुद्दाम धक्का देतो. त्याला जाब विचारावा की नाही, हा विचार करत फ्रिडोलिन पुढे चालत राहतो आणि आपण भ्यालो का, ही बोच सोबत घेऊन जातो. हा प्रसंग चटकन वाचून सोडून देण्यासारखा वाटतो, पण पुरुषाच्या ‘इभ्रती’चं दुखणं श्नित्झलरनं फार जवळून पाहिलेलं होतं. द्वंद्वयुद्धाच्या वेडाची चिरफाड करणाऱ्या ‘लॉयटनंट गुस्टल’ या 1900 सालच्या कथेपायी त्याला स्वतःचा राखीव सैन्याधिकाऱ्याचा दर्जा गमवावा लागला होता. बायकोनं मनात दुसऱ्याला जागा दिली, आणि रस्त्यावरच्या पोरानं धक्का मारला, हे दोन्ही घाव फ्रिडोलिनला एकाच जागी लागतात.

मग एका वेश्येच्या खोलीत तो जातो, नुसता बोलतो आणि निघतो. मग कॅफेत जुना मित्र नाख्टिगाल भेटतो. कधीकाळचा वैद्यकीचा विद्यार्थी, आता पियानो वाजवून पोट भरणारा. एका गुप्त जलशात डोळ्यांवर पट्टी बांधून आपण वाजवतो, असं तो सांगतो. फ्रिडोलिन रातोरात भाड्यानं जोग्याचा झगा आणि मुखवटा मिळवतो. आत जायला परवलीचा शब्द लागतो. तो शब्द आहे ‘डेन्मार्क’.

मला हा सगळ्या कादंबरिकेतला सर्वांत धारदार क्षण वाटतो, आणि लेखक त्यावर एक अक्षरही भाष्य करत नाही. बायकोच्या मोहाचं जे गाव, तेच नवऱ्याच्या मोहाच्या दाराची किल्ली. आपण स्वतंत्रपणे, पुरुषासारखे, साहसाला निघालो आहोत असं फ्रिडोलिनला वाटतं; प्रत्यक्षात तो तिच्याच इच्छेच्या वाटेनं चालला आहे. तिचं नाव न घेता त्याला पापही करता येत नाही. आणि आत गेल्यावर तो पकडला जातो तो दुसरा, घरचा परवलीचा शब्द माहीत नसल्यामुळे. पहिला शब्द तिनं दिलेला होता. त्याच्या स्वतःकडे दुसरा नाहीच.

बंगल्यातला मुखवट्यांचा जलसा मात्र मला या कृतीचा कच्चा भाग वाटतो. जोगी आणि जोगिणींचे वेश, धमक्या, त्याच्यासाठी स्वतःचा बळी द्यायला पुढे येणारी अनोळखी स्त्री, हे सगळं जरा जास्तच नाटकी आहे. वाचकांच्या लक्षात पुष्कळदा नेमका हाच भाग राहतो आणि पलंगावरचा भाग मागे पडतो, याची मला हळहळ वाटते. कारण तो पहाटे घरी येतो, तेव्हा खरी कथा सुरू होते.

अल्बर्टिने झोपेत हसते आहे. तो तिला जागं करतो, आणि ती स्वप्न सांगते. लग्नाची आदली रात्र आहे. वल्ही मारणारे गुलाम फ्रिडोलिनला राजपुत्राच्या वेशात घेऊन येतात: मुलीच्या पुस्तकातली ती नौका! मग दोघांचे कपडे नाहीसे होतात, आणि तो तिच्यासाठी वस्त्रं आणायला शहरात जातो. इकडे कुरणावर तिला तो डेनिश अधिकारी भेटतो, आणि ती त्याची होते. तिकडे फ्रिडोलिनला पकडून त्या देशाच्या राणीपुढे उभं केलं जातं. माझा प्रियकर हो, तुला सोडते, असं राणी म्हणते. तो पत्नीशी एकनिष्ठ राहून नकार देतो. त्याला फटके मारले जातात, क्रूसावर चढवण्याची तयारी होते. आणि अल्बर्टिने, ज्या निष्ठेपायी तो मरायला निघाला आहे त्या निष्ठेलाच, हसते. तेच ते झोपेतलं हसू.

दोन्ही गोष्टी आता शेजारी ठेवा. बंगल्यात एक परकी स्त्री त्याला वाचवण्यासाठी स्वतःला देऊन टाकते. स्वप्नात त्याची स्वतःची बायको त्याला मरू देते. बंगल्यात तो बेइमानीच्या शोधात गेलेला असतो. तिच्या स्वप्नात तो निष्ठेचा पुतळा असतो. तिच्या स्वप्नातला नवरा खऱ्या नवऱ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तिला त्या चांगुलपणाचंच हसू येतं! सिग्मुंड फ्रॉईडनं 1922 साली श्नित्झलरला साठाव्या वाढदिवशी लिहिलेल्या पत्रात कबूल केलं होतं की आपण त्याला भेटायचं टाळत आलो, ते जणू स्वतःच्याच प्रतिरूपाला सामोरं जायच्या भीतीनं. हे स्वप्न वाचताना त्या भीतीचं कारण कळतं. पण श्नित्झलर स्वप्नाचा अर्थ लावत नाही. तो ते नवऱ्यासमोर बायकोच्या तोंडून सांगायला लावतो आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

नवरा काय करतो? निवाडा देतो. हिचं खरं रूप आज उघडं पडलं, ही विश्वासघातकी आणि क्रूर आहे, आता आपल्याला सगळं माफ. स्वतःची रात्र त्याच्या हिशेबात कुठेच नाही. त्यानं जे करायची इच्छा धरून पायपीट केली ते ‘घडलं नाही’ म्हणून शून्य, आणि तिला जे झोपेत दिसलं तो मात्र गुन्हा. हा दुटप्पीपणा लेखक बोट ठेवून दाखवत नाही, म्हणूनच तो इतका जाचतो.

इथे मला आपल्याकडच्या दोन कथा आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिली माहूरच्या रेणुकेची. नदीवर गेली असता चित्ररथ राजाला जलक्रीडा करताना पाहून तिचं मन क्षणभर चळलं. तेवढ्यावर जमदग्नीनं मुलांना तिचा वध करायला सांगितलं आणि परशुरामानं ते केलं. पुढे वर मागताना त्यानं आई जिवंत व्हावी असं मागितलंच, पण आपला वध झाल्याची तिला आठवणही राहू नये असंही मागितलं. म्हणजे घराची घडी बसली, ती विसरण्यावर. दुसरी द्रौपदी आणि जांभळाची. ती महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही, लोकांच्या तोंडी आहे; शाहीर विठ्ठल उमपांच्या ‘जांभूळ आख्याना’नं ती मराठी रंगमंचावर गाजवली. पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्ण येऊन जातो. कृष्ण ते ओळखतो, आणि झाडावरून तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं तर प्रत्येकानं मनातलं खरं बोललं पाहिजे असा पेच टाकतो. द्रौपदी कर्णाचं नाव उच्चारते आणि फळ देठाला चिकटतं. एक कथा मन चळल्याबद्दल शिर उडवते. दुसरी म्हणते, बोल, म्हणजे तुटलेलं सांधेल. लोककथा रचणाऱ्यांनी ऋषींपेक्षा संसार अधिक ओळखला होता, असं मला मनापासून वाटतं. श्नित्झलर या दुसऱ्या घराण्यातला.

कारण दुसऱ्या दिवशी फ्रिडोलिन जमदग्नीच होऊ पाहतो, फक्त हत्यार वेगळं. रात्रीची अर्धवट सुटलेली सगळी साहसं उजेडी पुरी करून बायकोवर सूड उगवायचा. पण दिवसा एकही दार उघडत नाही. नाख्टिगाल गायब. बंगल्याच्या फाटकावर चौकशी थांबवण्याची ताकीद देणारी चिठ्ठी. वेश्या इस्पितळात. संध्याकाळी वर्तमानपत्रात एका बॅरोनेसच्या विषप्रयोगाची बातमी वाचून तो शवागारात जातो. हीच का ती आपल्यासाठी पुढे आलेली स्त्री? त्यानं तिचा चेहरा पाहिलेलाच नव्हता. प्रेताकडे पाहताना त्याच्या लक्षात येतं की तो दिवसभर त्या अनोळखी स्त्रीच्या जागी अल्बर्टिनेचाच चेहरा पाहत होता. बाहेर शोधलेल्या प्रत्येक स्त्रीच्या अंगावर त्यानं घरातलाच चेहरा चढवला होता.

घरी येतो तर बायको झोपलेली, आणि शेजारी त्याच्या उशीवर, त्याचं डोकं असायचं तिथे, तो रात्रीचा मुखवटा. तिला तो सापडलेला असतो. ती आरडाओरडा करू शकली असती, माहेरी जाऊ शकली असती, मुखवटा हातात धरून दारात उभी राहू शकली असती. ती तो फक्त त्याच्या जागी ठेवते. त्यात मला कळलं आहे हे आहे, इतके दिवस माझ्याशेजारी कोण झोपत होतं हेही आहे, आणि तरी जागा तुझीच आहे हेही आहे. फ्रिडोलिनला त्यात क्षमेची तयारी दिसते. तो कोसळतो, रडतो, आणि सगळं सांगायचं कबूल करतो. तिची कबुली आधीच देऊन झाली होती. उशीर झाला होता तो त्याच्या कबुलीला. या क्षणी तो पहिल्यांदा तिच्या बरोबरीला येतो.

1999 साली स्टॅन्ली कुब्रिकनं या कथेवर ‘आईज वाइड शट’ केला. काळ आणि जागा बदलून न्यूयॉर्कचा नाताळ घेतला, आणि नवरा-बायकोच्या भूमिकेत टॉम क्रूझ आणि निकोल किडमन हे तेव्हा खरंच पती-पत्नी असलेले नट घेतले. किडमनचा कबुलीचा प्रसंग अप्रतिम आहे. बायको त्या अधिकाऱ्याबरोबर असल्याची चित्रं नवऱ्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येतात, ही भरही पटते. पण बंगल्यातल्या प्रकाराचा खुलासा करणारं झीग्लर नावाचं जे पात्र चित्रपटानं नव्यानं घातलं, त्यानं नुकसान केलं. श्नित्झलरनं ती स्त्री खरंच मेली की ते सगळं नाटक होतं हे उघडंच ठेवलं आहे, कारण त्याला त्या बंगल्याचं रहस्य उलगडायचंच नव्हतं.

शेवटी पहाटे फ्रिडोलिन विचारतो, आता काय करायचं. आपण या साहसांतून, घडलेल्या आणि स्वप्नातल्याही, धडपणे बाहेर आलो याबद्दल दैवाचे आभार मानावेत, असं अल्बर्टिने म्हणते. आपण जागे झालो आहोत, असंही म्हणते. तो ‘कायमचे’ म्हणू पाहतो, तर ती त्याला थांबवते. उद्याचं आज बोलू नये. तिला शपथ नको आहे. शपथेनं संसार टिकत नाही हे तिला त्याच्याआधी कळलेलं आहे.

युरोपीय कादंबरीत नवऱ्यापलीकडे ज्यांचं मन गेलं त्या बायकांचं काय झालं हे आठवा. फ्लोबेरची एम्मा विष घेते, टॉलस्टॉयची आना रेल्वेखाली जाते, फोंटानेची एफी झिजून मरते. त्या तिघी प्रत्यक्ष पाऊल टाकून गेल्या आणि अल्बर्टिने मनानं, हा फरक आहेच. पण तिला मारून किंवा पश्चात्तापात झिजवून श्नित्झलरला आपल्या वाचकांची समजूत घालता आली असती. त्यानं तिला जिवंत ठेवलं, तिच्याच घरात ठेवलं, आणि दोघांपैकी अधिक शहाणी ठरवलं. 1926 साली हे करायला मोठं धैर्य लागलं असणार. जांभूळ आख्यान ज्यांच्या कानांवरून गेलं आहे, त्यांना अल्बर्टिने परकी वाटणार नाही. जमलं तर ही छोटी कादंबरिका नवरा-बायकोनं दोघांनी वाचावी, आणि एकानं वाचून संपवल्यावर दुसऱ्याच्या हातात द्यावी.